गोदावरीवरून कापूस जाणार होता

आमच्या जवळा बाजारात पूर्णेचा विषय निघाला की दोनच प्रश्न असतात: सिद्धेश्वर धरणात पाणी किती, आणि कालव्याला कधी सुटणार? या नदीच्या वाटेने माल समुद्राला जाऊ शकतो असं कुणी म्हणालं, तर पारावरची माणसं हसतील. मीही हसलो होतो. मग २०१६ चा राष्ट्रीय जलमार्ग कायदा वाचला. त्यात गोदावरीचा नाशिक ते भद्राचलम हा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ ला जोडलाय. पैनगंगा आणि वर्धाही यादीत आहेत. म्हणजे आमची पूर्णा ज्या गोदावरीला मिळते, ती सरकारी कागदावर मालवाहतुकीचा रस्ता आहे.

हे स्वप्न नवं नाही. दीडशे वर्षांपूर्वी ते प्रत्यक्ष दगडचुन्यात बांधायला घेतलं होतं.

आधी नकाशा बघू. हिंगोलीचं पाणी दोन वाटांनी जातं. कयाधूचं पाणी पैनगंगेत, तिथून वर्धेत, पुढे प्राणहितेत. पूर्णेचं पाणी थेट गोदावरीत. या दोन्ही वाटा गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळ एक होतात आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातात. इंग्रजांची नजर याच वाटेवर होती.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. कापूस भरपूर, पण न्यायचा कसा? लमाणांचे बैलांचे तांडे तो सुमारे ५०० मैल दूर, गंगेकाठच्या मिर्झापूरला नेत. तिथून होडीने कलकत्ता. वाटेत पाऊस लागला की माल भिजायचा, चारापाणी नसलं की बैल मरायचे.

आर्थर कॉटन या इंजिनिअरने १८५२ मध्ये गोदावरीच्या मुखाकडे धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला होता. त्याच्या कालव्यांतून शेतीला पाणी मिळालं आणि त्याच कालव्यांतून होड्याही चालू लागल्या. रेल्वेपेक्षा पाण्याची वाट स्वस्त, हे त्याने आयुष्यभर लावून धरलं. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा थेट काकिनाड्याच्या किनाऱ्याला न्यायचा, ही त्याची योजना. १८६० च्या तहात निजामाने गोदावरीचा डावा काठ इंग्रजांना दिला आणि नदीवरच्या मालाची जकातही उठली. सिरोंचा हे नव्या जिल्ह्याचं ठाणं झालं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि या योजनेला जोर चढला.

अडचण तीन ठिकाणी होती. दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचं देवलमरी. इथे नदीच्या पात्रात मैलोन् मैल खडक आहेत. उपाय असा: वर बंधारा घालायचा, बाजूने कालवा काढायचा आणि त्यात लॉक बांधायचे. लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची खोली. बोट आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, बोट एक पायरी वर किंवा खाली जाते. वीज नको, इंजिन नको. कॅप्टन हेग या इंजिनिअरच्या देखरेखीखाली काम सुरू झालं. दुम्मगुडेमचा बंधारा उभा राहिला.

पण घनदाट जंगल, हिवताप आणि मजुरांची टंचाई यांनी काम रखडलं. यापेक्षा मोठी अडचण आमच्याकडच्या कुणालाही विचारली असती तर कळली असती. नदी भरते आषाढ-श्रावणात. कापसाची वेचणी सुरू होते दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि चालते पार शिमग्यापर्यंत. बोंडं फुटतात तेव्हा पाणी उतरायला लागलेलं असतं. बाजारात गाड्यांची रांग लागते तेव्हा पात्रात खडक वर आलेले असतात. पाणी असतं तेव्हा माल नाही, माल असतो तेव्हा पाणी नाही.

रेल्वेला या वेळापत्रकाशी देणंघेणं नव्हतं. १८६७ मध्ये मुंबईहून रूळ नागपूरला पोचले. कापूस पश्चिमेला वळला. अमेरिकेतलं युद्धही संपलं होतं. १८७१ मध्ये सरकारने वरच्या गोदावरीचं काम बंद केलं. तिन्ही अडथळे कधीच पूर्ण ओलांडले गेले नाहीत.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो, डेमो चालला म्हणजे प्रॉडक्ट चालेल असं नाही. कॉटनचा डेमो खरा होता, पण तो डेल्टाच्या सपाट जमिनीवरचा. तिथे कालव्यातल्या होड्या पुढेही अनेक दशकं चालल्या. दख्खनच्या खडकावर तेच उत्तर लागू पडलं नाही. त्याला मूर्ख म्हणणं मात्र सोपं आणि चुकीचं आहे. पाण्याची वाट स्वस्त असते हे त्याचं गणित बरोबरच होतं. फक्त त्याला बारमाही नदी हवी होती.

पुढे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग १९०० मध्ये सुरू झाला. त्याचं नाव होतं हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. नदीचं नाव राहिलं, माल रुळावर गेला. १९१२ मध्ये पूर्णा-हिंगोली फाटा आला, तोही वसमतवरून. जवळा बाजारला स्टेशन मिळालं नाही. आमचा माल आधी बैलगाडीने गेला, आता टेम्पोने जातो.

नदीचं पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकवायचं काम शेवटी झालंच. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांनी पूर्णेचं पाणी अडवलं, पण बोटींसाठी नाही, शेतासाठी आणि विजेसाठी. गोदावरीवर आता जायकवाडी, विष्णुपुरी, बाभळी अशा भिंती आहेत. जलमार्ग क्रमांक ४ ची बोट त्या कशा ओलांडणार, हा एक प्रश्न. दुसरा जास्त अवघड: त्या बोटीखाली लागणारं पाणी कुणाच्या वाट्यातून काढायचं? १८६० मध्ये या नदीवर हक्क सांगणारे आमच्यासारखे शेतकरी कुणी मोजले नव्हते. आता कालव्याच्या एकेका पाळीसाठी माणसं कचेरीसमोर बसतात.

कायद्याच्या यादीत नदीचं नाव घालायला एक ओळ पुरते. ती ओळ लिहिताना दसऱ्यानंतर पूर्णेच्या पुलावर कुणी उभं राहिलं होतं का, एवढंच मला विचारायचंय.