दुसऱ्या खुर्चीचा रंग

समुपदेशनाच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर असतात. समजा, एकीत कृष्णवर्णीय तरुणी बसली आहे. ती सांगते, "दुकानात शिरले की पहारेकरी माझ्या मागे मागे फिरतो." समोरच्या गोऱ्या समुपदेशक बाई समजुतीच्या सुरात म्हणतात, "तुमचा गैरसमज झाला असेल. मला तर माणसांत रंग दिसतच नाही." तरुणी गप्प होते आणि पुढच्या आठवड्यात येत नाही.

ती का आली नाही, याचं उत्तर अमेरिकेतले समुपदेशक बराच काळ तिच्याच खुर्चीत शोधत राहिले. वंश जणू फक्त तिला होता.

वाट काढली ती कृष्णवर्णीय अभ्यासकांनी. नागरी हक्क चळवळीनंतर, १९७१ मध्ये, विल्यम क्रॉस यांनी 'ब्लॅक वर्ल्ड' मासिकात कृष्णवर्णीय माणसाची स्वतःविषयीची जाणीव कशी टप्प्याटप्प्याने बदलते, हे मांडलं. मग गोऱ्या माणसाचं काय? १९८२ मध्ये रिटा हार्डिमन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात हा विषय घेतला. पण समुपदेशनाच्या खोलीत तो आणला जॅनेट हेल्म्स या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ बाईंनी, १९८४ च्या लेखातून.

त्यांचं म्हणणं असं, की संवाद जमेल की नाही हे दोघांच्या कातडीच्या रंगापेक्षा त्या रंगाविषयी दोघांची समज कुठवर पोहोचली आहे, यावर ठरतं. समुपदेशक पुढे असेल तर समोरच्याला पुढे जायला मदत होते. तो मागे असेल तर गाडी अडते. आपल्या खोलीत नेमकं तेच झालं होतं. तरुणीला जे रोज भोगावं लागत होतं, ते बाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं.

हेल्म्स यांच्या मांडणीत 'मला रंग दिसत नाही' ही गोऱ्या माणसाच्या टप्प्यांची सुरुवात आहे. अन्याय डोळ्यांनी पाहिला की मन अस्वस्थ होतं. ती अस्वस्थता सोसवेना झाली की 'चूक त्यांचीच' म्हणत माणूस माघारी फिरतो. तिथून सुटला तर आधी नुसतं बुद्धीला पटतं, मग स्वतःच्या गोरेपणाचा प्रामाणिक शोध सुरू होतो आणि शेवटी वर्चस्वाचा आधार न घेता जगणं जमू लागतं. हेल्म्स आणि रॉबर्ट कार्टर यांनी यासाठी ५० विधानांची प्रश्नावली केली. प्रत्येक विधान आपल्याला किती पटतं, ते आकड्यात सांगायचं.

आक्षेपही आले. १९९४ मध्ये रो, बेनेट आणि अॅटकिन्सन हे अभ्यासक म्हणाले, की ही मांडणी गोऱ्यांच्या ओळखीपेक्षा कृष्णवर्णीयांविषयीच्या त्यांच्या वृत्तीच जास्त सांगते. प्रश्नावली खरोखर काय मोजते, यावरही वाद झाला. १९९५ मध्ये हेल्म्स यांनी स्वतःच 'टप्पे' हा शब्द सोडून 'स्थिती' हा शब्द घेतला, कारण माणूस जिना चढल्यासारखा सरळ वर जात नाही. एकाच माणसात दोन-तीन स्थिती एकत्र नांदतात.

मोजपट्टीवर वाद असले, तरी दुसऱ्या खुर्चीचा मूळ प्रश्न समुपदेशनाच्या व्यवसायात रुजला. १९९२ मध्ये सू, अरेडोंडो आणि मॅकडेव्हिस यांनी बहुसांस्कृतिक समुपदेशनाच्या ३१ क्षमता मांडल्या. वंशभेदाचा आपल्याला प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष काय फायदा झाला, हे गोऱ्या समुपदेशकाने ओळखावं, अशी अपेक्षा त्यांत स्पष्ट लिहिली आहे.

मला ही अपेक्षा फार मोलाची वाटते. ती मनावर घेतलेल्या बाई त्या तरुणीला एवढंच विचारतील, "तो मागे फिरतो तेव्हा तुम्ही काय करता?" आणि उत्तर येईपर्यंत थांबतील.