वेरूळच्या दगडी पंगती

वेरूळच्या बारा बौद्ध लेण्यांपैकी पाचवे लेणे आपल्या लांबीमुळे वेगळे उठून दिसते. सुमारे ११७ फूट खोल गेलेले हे दालन २४ खांबांवर उभे आहे, आणि खांबांच्या दोन ओळींमधून गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीच्या दिशेने दोन लांब, ठेंगणे कट्टे गेले आहेत. लेणे वरून खाली कोरत आणतात, त्यामुळे जमिनीलगतचे हे कट्टे राखायचे हे कारागिरांनी आधीच ठरवलेले असणार. कान्हेरीच्या ‘दरबार’ लेण्यातही असेच कट्टे आहेत. भिक्षू इथे पंगतीने जेवत असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते ही पाठांतराची जागा होती, आणि तो आक्षेप रास्त आहे; एकच दालन सकाळी भोजनाला आणि एरवी पठणाला वापरले गेले असेल, असे मला वाटते. पण माझे म्हणणे केवळ या कट्ट्यांवर उभे नाही. जेवताना मन स्वस्थ असावे ही गोष्ट जुन्या मठांनी एकेकट्याच्या संयमावर सोडली नव्हती. वेळ, जागा आणि शिस्त यांत ती बांधून टाकली होती, आणि ही बांधणी शरीराच्याही हिताची होती.

पाली विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथात, ७५ सेखिय नियम आहेत, त्यांतले ३० भिक्षान्न घेण्याचे आणि खाण्याचे: लक्ष पात्राकडे हवे, घास तोंडात असताना बोलू नये, आवाज करत खाऊ नये. मध्यान्हानंतर जेवण नाही, म्हणजे रात्रीच्या अन्नाची चिंताही नाही. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग वेरूळला आला नव्हता, तरी भारतातल्या मठांत भिक्षू जेवायला लहान, बुटक्या आसनांवर एकमेकांना न शिवता बसतात, हे त्याने बारकाईने टिपून ठेवले आहे. वैद्यकाची साक्षही याच दिशेची. चरकसंहितेच्या विमानस्थानात न बोलता, न हसता, अन्नात मन ठेवून जेवावे असे सांगितले आहे. हितकर अन्न मापात खाल्ले तरी चिंता, शोक, भय, क्रोध असेल तर ते पचत नाही, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे.

आज या निरीक्षणाच्या मागचे शरीर थोडे दिसू लागले आहे. आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते, आणि काही दिवसांत ते नव्याने घडते. शेजारच्या पेशी प्रथिनांच्या घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. पोषकद्रव्ये आत घ्यायची आणि जिवाणू व त्यांचे विषारी अंश बाहेर ठेवायचे, हे काम या सांध्यांवर बरेचसे अवलंबून असते. बेल्जियममधल्या ल्यूवेन इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना लोकांसमोर भाषण करायला लावले, तेव्हा त्यांच्या लहान आतड्याची पारगम्यता वाढली. विजेच्या धक्क्याच्या भीतीने मात्र ती सर्वांची वाढली नाही. ज्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चांगलेच चढले, त्यांचीच वाढली. मास्ट पेशी या रोगप्रतिकारक पेशींना आवरणारे औषध आधी दिले तर हा परिणाम रोखता आला. म्हणजे मेंदूतून निघालेला ताणाचा संदेश या पेशींमार्फत अस्तरापर्यंत पोचतो.

यावरून आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, असे म्हणणे खोटे ठरेल. त्यांना पेशी दिसल्या नव्हत्या, आणि विनयाच्या नियमांचा हेतू शिस्तीचा व साधनेचा होता. पोटाचे प्रत्येक दुखणे मनावर ढकलणेही धोक्याचे आहे. जठरातल्या व्रणांचा दोष कित्येक दशके काळजीला दिला गेला; १९८० च्या दशकात वॉरन आणि मार्शल या संशोधकांनी त्यामागचा जिवाणू दाखवला, आणि प्रतिजैविकांनी रुग्ण बरे होऊ लागले. ‘गळक्या आतड्या’वरचा उपाय म्हणून आज विकल्या जाणाऱ्या चूर्णांना तर ल्यूवेनच्या प्रयोगाचा काडीचाही आधार नाही. तिथे दिसला तो थोड्या वेळाच्या ताणाचा परिणाम. त्यातून आजार होतोच, हे सिद्ध झालेले नाही. तरीही ताण आणि अस्तर यांचा संबंध खरा आहे, आणि चरकाचे निरीक्षण त्याच्याशी जुळते, एवढे म्हणायला पुरावा पुरेसा आहे.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. भिक्षूंची ही निवांत पंगत दुसऱ्यांनी पिकवलेल्या धान्यावर बसत होती, आणि ते पिकवणाऱ्या कुणब्याला पावसाची, सारा भरण्याची धास्ती वर्षभर असे. त्याच्या जेवणाभोवती कुणी शांतता कोरली नाही. दख्खनने १६३० चा दुष्काळ पाहिला, मराठवाड्याने १९७२ चा पाहिला; अशी धास्ती भाषणापुरती नसते, ती हंगामामागून हंगाम राहते. दीर्घ ताणाने आतड्याचे अस्तर सैल पडते हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे, पण उंदराचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ल्यूवेनची पद्धत अवघड नाही: दोन साखरा पाण्यातून प्यायला द्यायच्या आणि लघवीत त्यांचे प्रमाण मोजायचे. पेरणीनंतर पाऊस ओढ देतो तेव्हा आणि पीक घरात आल्यावर, अशी दोनदा ती चाचणी वेरूळ-खुलताबादच्या शिवारातल्या शेतकऱ्यांवर, त्यांच्या संमतीने, करता येईल. आणि त्या वेळी त्यांचे पिण्याचे पाणीही तपासावे लागेल, म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंचा दोष ताणावर ढकलला जाणार नाही.