मोटारीचा सांगाडा आणि सुताराचा हात

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा इंजिनापासून आरंभ करतात आणि धनिक मालकांच्या नामावळीपाशी थांबतात. १८९८ साली मुंबईत पहिल्या मोटारी आल्या व त्यांपैकी एक जमशेटजी टाटांची होती, एवढे आपल्याकडील सुशिक्षित वाचकास ठाऊक असते. परंतु त्यानंतरच्या काळात परदेशी सांगाड्यांवर येथे ज्या गाड्या उभ्या राहिल्या, त्या कोणाच्या हातांनी राहिल्या, हे क्वचितच विचारले जाते. मोटारीच्या इतिहासात आपल्या कारागिराचा वाटा शोधावयाचा तो याच ठिकाणी होय.

जुनी मोटार ही वस्तुतः दोन वस्तूंची एक वस्तू असे. खाली दोन उभे लोखंडी दांडे, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, इंजिन व चाके, अशी चासी. आणि वर माणसे बसावयाची बॉडी. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइससारखी नामांकित कंपनीसुद्धा केवळ चासी विकीत असे. बॉडी ग्राहकाने निराळ्या कारागिराकडून बांधून घ्यावयाची. ही चाल घोडागाडीच्या धंद्यातून आलेली होती. आख व चाके एकीकडे आणि बसावयाची जागा दुसरीकडे, हा भेद आपल्या छकडा-दमणी बांधणाऱ्या सुतारासही नवा नव्हता.

या परंपरेचे आपल्या प्रांतातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे एस. टी. होय. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तत्कालीन अहमदनगरास पहिली गाडी निघाली, तेव्हा ताफ्यातील गाड्यांच्या चासी बेडफर्ड या विलायती बनावटीच्या होत्या. बॉडी मात्र लाकडी आणि आसने काथ्याची. पुढे पुण्याजवळ दापोडीच्या कार्यशाळेत विकत घेतलेल्या चासींवर बॉडी बांधण्याचे काम चालू झाले आणि हा हुन्नर एका मोठ्या सार्वजनिक संस्थेत रुजला.

या दोन भागांचा मेळ घालणे वाटते तितके सोपे नाही. पुण्याहून भूगाव, पिरंगुट, पौड यांवरून मुळशीस जाणारा आणि पुढे ताम्हिणी घाटाने माणगावकडे उतरणारा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. पुढचे एक चाक खड्ड्यात उतरते, मागची दोन्ही सपाटीवर राहतात आणि चासीला पीळ बसतो. बॉडी तिला घट्ट जखडली असेल, तर तोच पीळ लाकडाच्या सांध्यांत शिरतो. दार अडकते, काच तडकते. त्यात मुळशीचा पाऊस असा की लाकूड फुगून बसते. म्हणून दोहोंच्या मध्ये रबराच्या, कातड्याच्या किंवा जाड कापडाच्या गाद्या घालण्याची रीत पडली.

जुनी गाडी पूर्ववत करतानाही हाच क्रम पाळावा लागतो. जेथे स्प्रिंगा भार घेतात तेथे टेकू देऊन चासी पाणसळीत आणावयाची. ओळंब्याने खुणा जमिनीवर उतरवून दोन्ही कर्ण मोजावयाचे. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. मग बॉडी अलगद उतरवावयाची, बोल्ट सैल ठेवावयाचे आणि दारे लावून फटी पाहावयाच्या. दाराच्या मध्याखालची गादी जाड केली, तर दाराची चौकट वरच्या बाजूस फाकते. पुढचे टोक उचलले, तर ती वर आवळते. पत्र्याची एक पातळ चकती घालावी वा काढावी, बोल्ट थोडथोडे आवळावे, पुन्हा दार लावून पाहावे. शेवटी गाडी चाकांवर उभी करून सारे पुन्हा तपासावयाचे. हे काम घाईस वश होत नाही.

येथेच इतिहासाचा प्रश्न उभा राहतो. हाताने बांधलेली प्रत्येक बॉडी ही तिच्याच चासीशी जुळवलेली असते. चार गाद्या सारख्या आणि पाचवीखाली तीन चकत्या, यात मूळ कारागिराने त्या लोखंडाचा दोष ओळखून केलेली दुरुस्ती दडलेली असते. हौशी मालक चकचकीत रंगाच्या ओढीने ते सारे भंगारात टाकतो, नवी भोके पाडतो आणि एका साध्या सुताराचा उरलेला एकुलता लेख पुसून टाकतो. ताम्रपट वितळवून कोणी भांडे केले, तर आपण हळहळतो. येथे मात्र शिल्पाचा जीर्णोद्धार झाला म्हणून टाळ्या पडतात.

१९२२ च्या लान्सिया लाम्ब्डापासून बॉडी आणि चासी एकजीव करण्याची कल्पना रूढ होत गेली. आज बहुतेक लहान मोटारी तशाच बनतात. त्यात वजन वाचते हे खरे. परंतु हे दोन भाग हाताने जुळविण्याचा प्रसंग त्यामुळे विरळा होत चालला आहे. म्हणून जुन्या गाडीची बॉडी उचलण्यापूर्वी प्रत्येक गादीची जाडी, प्रत्येक चकतीची जागा आणि प्रत्येक फटीचे माप वहीत टिपून ठेवावे. ज्यांची नावे कोणत्याही पाटीवर कोरली गेली नाहीत, त्यांच्या बुद्धीची ती बखर आहे.