एंटअमीबा हिस्टॉलिटिका
माणसाच्या मोठ्या आतड्यात राहणारा, अमीबाजन्य आमांशास कारणीभूत असलेला परजीवी प्रजीव. रशियात लॉश यांनी 1875 मध्ये तो रुग्णाच्या मळात पाहिला. शाउडिन यांनी 1903 मध्ये नाव दिले. त्याची चार केंद्रकांची, 10–20 मायक्रोमीटर व्यासाची पुटी (कवचबंद अवस्था) दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जाते. जठराम्लाला ती दाद देत नाही. लहान आतड्यात फुटून तिच्यातून आठ पोषजीव (सक्रिय अवस्था) निघतात. पोषजीव छद्मपादांनी सरकतो. त्याला नेहमीची तंतुकणिका नसते, मायटोसोम हा तिचा अवशेष तेवढा उरतो. ऊर्जा विनॉक्सी मार्गाने मिळते. मेट्रोनिडाझोल हे औषध नेमके याच मार्गात क्रियाशील होते. लेक्टिन या प्रथिनाने आतड्याच्या पेशीला चिकटून पोषजीव तिचे जिवंतपणीच लचके तोडतो. सूक्ष्मदर्शकाखाली पोषजीवाच्या पोटात रक्तातील तांबड्या पेशी दिसल्या की निदान जवळपास पक्के. एरवी निरुपद्रवी एंटअमीबा डिस्पार हुबेहूब असाच दिसतो. हिस्टॉलिटिका रक्तावाटे यकृतात पोहोचल्यास गळू होते. सह्याद्रीतील कुड्याची साल आमांशावर पूर्वापार वापरात आहे. पाणी कोणत्याही नदीचे असो, नेहमीच्या मात्रेतील क्लोरिनला पुटी पुरून उरते. ती मरते पाणी उकळल्यावर.