हौशी खेळातील स्त्री-नेतृत्व : भारतीय महिला क्रिकेट संघटनेचा कालखंड (१९७३ ते २००६)

प्रस्तावना :

भारतीय महिला क्रिकेटचा इतिहास सामान्यतः धावा, बळी आणि विश्वचषकातील क्रमांक यांच्या आधारे सांगितला जातो. संघ कोणी उभे केले, स्पर्धा कोणी भरविल्या, खेळणाऱ्या मुलींमधून कर्णधार आणि पुढे पदाधिकारी कशा घडल्या, या बाजूकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. वस्तुतः १९७३ ते २००६ या तेहतीस वर्षांत हा खेळ सर्वस्वी हौशी होता आणि त्याचा कारभार भारतीय क्रिकेट नियामक मंडळापासून स्वतंत्र असलेल्या महिला संघटनेकडे होता. या स्वतंत्र कारभारातून स्त्री-नेतृत्व कसे आकारास आले, आणि विलीनीकरणानंतर त्याचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संघटनेची स्थापना आणि पुण्यातील आरंभ :

मुंबईत आलू बामजी यांनी १९६९ मध्ये ‘अल्बीज’ हा महिलांचा क्रिकेट क्लब सुरू केला होता. तथापि अखिल भारतीय पातळीवरील संघटना १९७३ मध्ये लखनौ येथे महेंद्रकुमार शर्मा यांच्या पुढाकाराने नोंदविली गेली आणि बेगम हमीदा हबीबुल्ला तिच्या अध्यक्ष झाल्या. महिलांच्या संघटनेचा संस्थापक पुरुष असावा, हे त्या काळाचे वास्तव ध्यानात घेता फारसे नवल नाही. संघटनेला लवकरच चंद्रा त्रिपाठी आणि कराडच्या प्रेमलाताई चव्हाण यांच्यासारख्या, सार्वजनिक जीवनात वजन असणाऱ्या स्त्रियांचे पाठबळ लाभले, ही बाब अधिक महत्त्वाची होय. मैदान मिळविणे, शासनदरबारी शब्द टाकणे, मुलींच्या पालकांचा विश्वास संपादन करणे ही कामे अशा पाठबळावाचून झाली नसती.

पहिली राष्ट्रीय स्पर्धा एप्रिल १९७३ मध्ये पुण्यात झाली. तीत मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. त्याच वर्षाच्या अखेरीस वाराणसीच्या स्पर्धेत आठ आणि त्यानंतरच्या कलकत्त्याच्या स्पर्धेत चौदा संघ उतरले. प्रत्येक नव्या संघाला एक कर्णधार लागते, एक व्यवस्थापिका लागते, वर्गणी गोळा करणारे कोणीतरी लागते. संघांची संख्या तीनवरून चौदावर जाणे याचा अर्थ, जबाबदारीच्या तितक्या जागा अल्पावधीत निर्माण झाल्या, असाही होतो.

मैदानावरील नेतृत्व :

१९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील महिला संघ भारतात आला. पुणे, दिल्ली आणि कलकत्ता येथे झालेल्या तीन सामन्यांत भारताचे नेतृत्व उज्ज्वला निकम, सुधा शाह आणि श्रीरूपा बोस या तीन वेगवेगळ्या खेळाडूंनी केले. एकाच मालिकेत तीन कर्णधार हा प्रकार आजच्या व्यावसायिक दृष्टीस विस्कळीत वाटेल. परंतु ज्या देशात महिलांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटची परंपराच नव्हती, तेथे तीन प्रदेशांतील तीन तरुणींना एकाच हंगामात हा अनुभव मिळाला, हे विसरता येणार नाही. पुढील वर्षी शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली अधिकृत कसोटी मालिका खेळली आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये पाटणा येथे पहिला कसोटी विजय मिळविला. १९७८ च्या विश्वचषकाचे यजमानपद भारताकडे आले, तेव्हा कर्णधारपदी डायना एडुलजी होत्या. त्या स्पर्धेतील तिन्ही सामने भारत हरला.

हौशी क्रिकेटमधील कर्णधारावर मैदानाबाहेरचाही भार असे. आरक्षणाविना रेल्वेप्रवास, सामुदायिक निवास, अनेकींत मिळून वापरलेले साहित्य यांचे उल्लेख त्या पिढीच्या मुलाखतींत वारंवार येतात. १९८२ च्या न्यूझीलंडमधील विश्वचषकासाठी खेळाडूंकडे प्रत्येकी दहा हजार रुपये मागितले गेले, अशी आठवण एडुलजी यांनी सांगितली आहे. या हलाखीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तिच्यामुळे किती मुलींनी खेळ सोडला असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर १९९१ च्या आरंभापर्यंत भारतीय महिलांना एकही कसोटी खेळता आली नाही, आणि १९८८ च्या विश्वचषकात भारताचा संघच नव्हता. ऐन उमेदीची पाच वर्षे वाया जाणे म्हणजे खेळाडूंची जवळपास एक पिढी गमावणेच होय.

नोकरी आणि पद :

या परिस्थितीत दोन वाटांनी नेतृत्व टिकले. पहिली वाट रेल्वेची. एडुलजी पश्चिम रेल्वेत क्रीडा अधिकारी झाल्या आणि महिला क्रिकेटपटूंना रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात यासाठी त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. पगाराची शाश्वती असलेली खेळाडू तिशीपर्यंत खेळू शकते; आणि अनुभवी कर्णधार तिशीच्या आसपासच घडते. मिताली राज आणि हरमनप्रीत कौर या दोन्ही कर्णधार रेल्वेच्या सेवेत होत्या, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

दुसरी वाट संघटनेतील पदांची. पुण्याच्या लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णी १९७६ च्या पहिल्या कसोटी मालिकेत खेळल्या, १९८५ मध्ये अर्जुन पुरस्काराच्या मानकरी ठरल्या, १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार होत्या आणि पुढे याच संघटनेच्या सचिव झाल्या. खेळाडू, कर्णधार, पदाधिकारी असा हा चढता जिना हौशी संघटनेने उभा केला होता. नूतन गावसकर यांनीही सचिवपदाची धुरा सांभाळली होती.

विलीनीकरणानंतर :

आंतरराष्ट्रीय पातळीवरील महिला परिषद २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेत विलीन झाली. त्याच वर्षी मिताली राज यांच्या नेतृत्वाखाली भारत प्रथमच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता. २००६ मध्ये भारतातील महिला क्रिकेट नियामक मंडळाकडे गेले, तेव्हा हस्तांतरणाच्या वेळी सचिवपदी कुलकर्णी होत्या. म्हणजे ज्या पदापर्यंत खेळाडू स्त्री पोहोचली होती, ते पद विसर्जित करण्याचे कामही तिच्याच वाट्याला आले. मैदाने, प्रवास, निवास आणि प्रशिक्षण यांत सुधारणा झाली, याबद्दल दुमत नसावे. परंतु कारभाराच्या जिन्याच्या वरच्या पायऱ्या नाहीशा झाल्या. ऑगस्ट २००६ ते ऑगस्ट २०१४ या आठ वर्षांत भारतीय महिला एकही कसोटी खेळल्या नाहीत. त्याबद्दल आग्रह धरणारे महिलांचे स्वतंत्र व्यासपीठ तेव्हा उरलेले नव्हते.

मंडळाच्या सर्वोच्च वर्तुळात स्त्री आली ती न्यायालयाच्या मार्गाने. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीत एडुलजी यांचा समावेश झाला. लोढा समितीने सुचविलेल्या रचनेत सर्वोच्च परिषदेवर एका माजी महिला खेळाडूसाठी जागा ठेवण्यात आली आणि २०१९ मध्ये त्या जागी शांता रंगास्वामी आल्या. दोघीही हौशी काळातल्या कर्णधार होत्या. विलीनीकरणानंतर खेळू लागलेल्या पिढीतून त्या तोडीची प्रशासक तोपर्यंत पुढे आलेली नव्हती. मध्यवर्ती करार २०१५ मध्ये, समान सामना मानधन २०२२ मध्ये आणि महिला प्रीमियर लीग २०२३ मध्ये आली. निर्णयाच्या टेबलाभोवतीचे चित्र मात्र या गतीने पालटले नाही.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबई येथे भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून विश्वचषक जिंकला. संघाच्या कर्णधार हरमनप्रीत कौर होत्या, तर मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदार. विजयानंतर खेळाडूंनी तो चषक मैदानावर उपस्थित असलेल्या मिताली राज, झुलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हाती दिला. या तिघींनीही आपले पहिले आंतरराष्ट्रीय सामने जुन्या महिला संघटनेच्या काळात खेळले होते.