उलटा पंख

वैशाखाच्या अखेरीस कोंकणांत वादळ सुटलें कीं घरांवरचे पत्रे उडतात. वारा खालून आंत शिरतो आणि पत्रा उचलतो, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे, कारण दारें-खिडक्या बंद असलेल्या घराचेंही छप्पर उडतें. छपराच्या पाठीवरून वारा वेगानें धांवूं लागला म्हणजे तेथील हवेचा दाब उतरतो. घरांतल्या स्वस्थ हवेचा दाब मात्र तसाच राहतो, आणि ही आंतली हवाच छपराला वर ढकलते. मोटारीचा आकार बाजूनें पाहिला तर असाच दिसेल: वरून फुगीर, खालून बहुतेक सपाट. तेव्हां ती जितकी वेगानें धांवेल तितकी जमिनीपासून सुटूं पाहील, हें ओघानेंच आलें. ताशीं पन्नास किलोमीटरनें जाणाऱ्या गृहस्थाला याची जाणीव होत नाहीं. परंतु हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं जोर चौपट, वेग तिप्पट झाला कीं नऊपट. शर्यतीच्या मोटारींत बसणाऱ्याच्या हातांत तेव्हां सुकाणू हलकें पडतें, आणि तें हलकेपण सुखाचें नसतें.

श्रोतेहो, आज ज्या वस्तूचा इतिहास सांगावयाचा आहे ती आपण आपल्या शहरांच्या रस्त्यांवरही क्वचित् पाहिली असेल. एखाद्या हौशी तरुणाच्या मोटारीच्या पाठीवर दोन लहान खांबांवर आडवी फळी बसविलेली असते. घरांतलीं वडील माणसें ती पाहून हंसतात. ती फळी म्हणजे विमानाचा पंख, पण पालथा घातलेला. विमानाचा पंख वर उचलतो, हा खालीं दाबतो. चाकांवर वजन वाढलें म्हणजे रबराची पकड वाढते, आणि वळणावर गाडी अधिक वेगानें नेतां येते. खरें वजन वाढविलें असतें तर वळणावर तें बाहेरही ओढलें असतें. हवेच्या वजनाला हा दोष नाहीं. कल्पना इतकी सोपी कीं ती सर्वमान्य होण्यास चाळीस वर्षें कां लागावीं, याचें नवल वाटतें.

२३ मे १९२८ रोजीं बर्लिनच्या आव्हुस रस्त्यावर फ्रिट्झ फॉन ओपेल यानें दारूच्या चोवीस अग्निबाणांवर चालणारी मोटार ताशीं सुमारें २३८ किलोमीटर वेगानें पळविली. त्या गाडीच्या दोन्ही कुशींना आंखूड पंख होते, आणि ते खालीं दाबण्याच्या कोनांत बसविले होते. म्हणजे उलट्या पंखाचें तत्त्व तेव्हांच ठाऊक होतें. परंतु लोकांनीं अग्निबाण पाहिले, पंख कोणीं पाहिले नाहींत. पुढील दहा वर्षें कारागीरांचें सारें लक्ष हवेचा अडथळा कमी करण्याकडे राहिलें; गाडी माशासारखी गुळगुळीत करावयाची, एवढाच ध्यास. २८ जानेवारी १९३८ रोजीं फ्रांकफुर्ट-डार्मस्टाट मार्गावर रुडोल्फ कारात्सिओला यानें ताशीं ४३२ किलोमीटरचा विक्रम केला, आणि त्याच सकाळीं तो मोडण्याच्या प्रयत्नांत बेर्न्ट रोझेमायर मरण पावला. वाऱ्याच्या आडव्या झोतानें त्याची गाडी रस्ता सोडून गेली, असें सामान्यतः मानलें जातें. गुळगुळीत गाडी हवेंतून सहज निसटते, तशी ती चालकाच्या हातूनही निसटते.

यानंतरचा मान मिखाएल माय या स्विस तरुणाचा आहे, आणि मला तर या साऱ्या कथेंत हाच माणूस सर्वांत अधिक आवडतो. १९५६ सालीं त्याची विशी नुकतीच ओलांडली होती. आपल्या चुलतभावासह तो एक पोर्शे ५५० गाडी घेऊन न्यूरबुर्गरिंगच्या हजार किलोमीटर शर्यतीस आला. ती गाडी कारखान्यानें शर्यतीस धाडलेली नव्हे, खाजगी मालकीची होती. आणि तिच्यावर मायनें स्वतः रचलेला एक रुंद पंख होता. तो त्यानें शेपटीवर बसविला नव्हता. चालकाच्या डोक्यावर, गाडीच्या गुरुत्वमध्याच्या जवळ उभा केला होता, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांना दाब सारखा मिळावा. पंखाचा कोन चालकाला बसल्या जागीं बदलतां येत असे: सरळ रस्त्यावर सपाट, वळणावर कलता. पुढें इतरांना जे धडे रक्त सांडून शिकावे लागले त्यांतले निदान दोन या मुलानें आधींच गिरविले होते. सरावांत गाडी वेगवान् ठरली. परंतु मागून येणाऱ्यांची दृष्टि अडते, अशा कारणावरून संयोजकांनीं पंख काढावयास लावला. खुद्द पोर्शेच्या पथकानेंच तक्रार केली होती, असेंही सांगतात. मायनें पंख उतरविला, आणि ती कल्पना दहा वर्षें अडगळींत पडली. तो स्वतः मात्र अडगळींत पडला नाहीं. जग्वार कंपनीनें १९८१ सालीं आपल्या बारा नळकांड्यांच्या एंजिनांत घेतलेली जाळकोठी त्याच्याच डोक्यांतून निघाली.

पंख पुन्हां वर आला तो अमेरिकेंत. टेक्सासमधील जिम हॉल हा स्वतः एंजिनिअर आणि स्वतःच चालक. १९६६ सालच्या त्याच्या चॅपॅरल २ई या गाडीचा पंख माणसाच्या उंचीच्या आसपास, दोन उंच खांबांवर होता, आणि ते खांब गाडीच्या अंगावर न टेकतां थेट मागील चाकांच्या आधारांवर उभे होते. त्यामुळें दाब स्प्रिंगांना न दडपतां सरळ चाकांवर उतरे. या गाडीला क्लचची गरज नव्हती. म्हणून चालकाचा डावा पाय मोकळा, आणि त्या पायाखालीं पंखाचें पेडल. पेडल दाबलें कीं पंख सपाट, सोडलें कीं कलता. आळसानें वा भीतीनें पाय उचलला गेला तरी गाडी सुरक्षित बाजूलाच राहावी, अशी ही योजना होती. त्या वर्षीं लगूना सेका येथें फिल हिल यानें ही गाडी पहिली आणली.

युरोपनें हें पाहिलें, पण पुरतें वाचलें नाहीं. ९ जून १९६८ च्या बेल्जमच्या शर्यतीस फेरारी व ब्रॅबहॅम यांच्या गाड्या पंख लावून आल्या. पुढील कांहीं महिन्यांत पंखांना जणूं ऊत आला. लोटसच्या कॉलिन चॅपमननें हॉलप्रमाणें खांब चाकांच्या आधारांवर उभे केले, परंतु चॅपमनचा धर्म हलकेपणा. जेथें एक तोळा धातु वांचेल तेथें तो वांचविणार. चाकांवर उभा असलेला खांब रस्त्यावरचा प्रत्येक धक्का बिनबोभाट सोसतो, आणि प्रत्येक धक्क्यानें थोडा थकतो. धातूचा हा थकवा डोळ्यांना दिसत नाहीं. त्या काळच्या पुष्कळ पंखांची बळकटी गणितानें कमी आणि अदमासानें जास्त ठरविलेली होती, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

४ मे १९६९. बार्सिलोनामधील मोंझुइक टेंकडीच्या रस्त्यांवर स्पेनची शर्यत. लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख या शर्यतीसाठीं आणखी रुंद केले होते. वाटेंत एक उंचवटा होता. त्यावरून जातांना गाडी क्षणभर हलकी होई, चाकें खालीं लोंबत, आणि पंख, खांब व सांधे यांना एकदम उलटा पीळ बसे. शर्यतीच्या पहिल्या भागांतच ग्रॅहॅम हिलचा पंख तेथें मोडला. गाडी लोखंडी कठड्यावर आदळली. हिल धडधाकट बाहेर पडला. मोडक्या गाडीकडे पाहतांच काय झालें तें त्यानें ओळखलें आणि आघाडीवर असलेल्या योखेन रिंटला थांबविण्याची धडपड केली. दहाएक फेऱ्यांनंतर रिंटचा पंख त्याच उंचवट्यावर दुमडला. त्याची गाडी हिलच्या मोडक्या गाडीवर जाऊन आदळली आणि उलटली. रिंट जखमी होऊन वांचला. अंथरुणावरून त्यानें पंखांविरुद्ध जाहीर पत्र लिहिलें: हे पंख चालकालाच नव्हे, प्रेक्षकालाही घातक आहेत.

दोनच आठवड्यांनीं मोनाकोची शर्यत होती. गुरुवारचा सराव संपल्यावर अधिकारी मंडळानें पंखांस बंदी केली, त्या सरावाच्या वेळाही रद्द ठरविल्या, आणि पंखांवांचून झालेली ती शर्यत हिलनेंच जिंकली. कायमची बंदी मात्र टिकली नाहीं. थोड्याच काळांत तडजोड निघाली: पंख चालेल, पण ठेंगणा, मापांत, न हलणारा, आणि चाकांवर नव्हे तर गाडीच्या अंगावर पक्का बसविलेला. रिंट पुढील वर्षीं, ५ सप्टेंबर १९७० रोजीं, मोंझाच्या सरावांत मरण पावला. त्या दिवशीं वेगासाठीं त्याच्या गाडीचे पंख उतरविलेले होते. पण दोष पुढील ब्रेकच्या दांड्याकडे दाखविला गेला. यावरून पंखांच्या बाजूनें वा विरुद्ध कसलाही निवाडा काढूं नये, हें बरें.

एक गंमतीची गोष्ट येथेंच सांगून टाकतों. १९७१ सालीं फिनिक्सच्या धांवपट्टीवर डॅन गर्नी यानें आपल्या गाडीच्या पंखाच्या मागल्या कडेवर अ‍ॅल्युमिनियमची एक काटकोनी पट्टी रिव्हेट मारून बसविली. चालक बॉबी अन्सर फेऱ्या मारून आला. वेळेंत कांहींच सुधारणा नाहीं. बघे हंसले. अन्सरनें मात्र गर्नीला बाजूस घेऊन सांगितलें कीं मागची बाजू इतकी चिकटली आहे कीं पुढचीं चाकें वळावयास तयार नाहींत. म्हणजे पट्टी निकामी नव्हती. तिच्या तोडीचें पुढें कांहीं नव्हतें. पुढच्या वर्षीं इंडियानापोलिस येथें अन्सरनें ताशीं १९५ मैलांहून अधिक वेगानें पहिली जागा मिळविली. त्याच्या आदल्या वर्षींचा आंकडा १७८ होता. ही वाढ एकट्या पट्टीची नव्हे, त्या वर्षीं मोकळ्या झालेल्या पंखांची.

रस्त्यावरच्या मोटारीपर्यंत हा पंख पोंचला तो नियमाच्या आडवाटेनें. शर्यतींत जो भाग वापरावयाचा तो विक्रीच्या गाडीवरही असला पाहिजे, असा दंडक होता. म्हणून ऑक्टोबर १९७२ मध्यें पोर्शेनें पॅरिसच्या प्रदर्शनांत बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला मागला झांकणाचा पत्रा असलेली कॅरेरा आरएस मांडली. पांचशें खपतील कीं नाहीं अशी धास्ती होती. दीड हजारांवर खपल्या. सोळा वर्षांपूर्वीं ज्या पोरानें हाच धडा शिकविला त्याचा पंख उतरविणारे ते हेच घराणें! १९७३ च्या बीएमडब्ल्यू ३.० सीएसएलची तर मौजच. तिचा मोठा पंख जर्मनीच्या रस्त्यांवर लावण्यास कायद्याची हरकत. तेव्हां कारखान्यानें तो सुटा करून गाडीच्या सामानाच्या पेटींत ठेवून दिला. घरीं नेऊन लावावयाचा कीं नाहीं, तें मालकानें पाहावें.

त्या पेटींतून आजचा सारा व्यापार बाहेर पडला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति थोडीच होईल. आज सुटीच्या दिवशीं शर्यतीची धांवपट्टी भाड्यानें घेऊन आपली गाडी पळविणारे हजारों हौशी लोक आहेत, आणि त्यांच्यासाठीं पंख, पुढील ओठाची फळी, तळाचा सपाट पत्रा, मागील चढता तळ असे सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने जगभर आहेत. माल बहुधा उत्तम असतो. चुकतो तो बसविणारा. मोठा पंख मागें लावला आणि पुढें कांहींच केलें नाहीं, तर मागील आंसाच्याही पलीकडे असलेला तो पंख तरफेसारखें काम करतो आणि पुढचीं चाकें उचलतो. अन्सरनें कुजबुजून सांगितलेली तीच गोष्ट, पण येथें ती जाणत्या चालकाला नव्हे, नवशिक्याला भर वेगांत कळते. दुसरें, सामानाच्या पेटीचें झांकण पातळ पत्र्याचें. पंखानें मणावारी दाब दिला तर तो खालच्या सांगाड्यापर्यंत पोंचावयास वाट हवी. तिसरें, छपराच्या मागें हवा विस्कटलेली असते. तिच्यांत बुडालेला ठेंगणा पंख दिसावयाला पंख, एरवीं फळीच. २००९ च्या सुमारास लांब पल्ल्याच्या शर्यतींतील गाड्यांवर हंसाच्या मानेसारखे, वरून धरणारे खांब दिसूं लागले, त्याचें कारण हेंच कीं पंखाचें खरें काम खालची बाजू करते आणि तिला कशाचाही अडथळा नको.

आणि पंखाचा अभावही जीव घेऊं शकतो. १९९८ सालीं निघालेल्या ऑडी टीटी या देखण्या, गोल पाठीच्या मोटारीला जर्मनीच्या महामार्गांवर अतिवेगांत गंभीर अपघात झाले, कांहीं प्राणघातक. कंपनीनें विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांच्या पाठीवर एक लहानसा पंख बसवून दिला आणि स्प्रिंगांकडील रचनाही बदलली. पुष्कळांना त्या पंखानें गाडीचें रूप बिघडलें असें वाटलें.

हवा दिसत नाहीं, हीच मुळांत अडचण. मोठ्या कंपन्यांपाशीं त्यासाठीं वाऱ्याचे बोगदे असतात. हौशी माणूस लोकरीचे बोटभर लांब धागे चिकटपट्टीनें गाडीच्या पाठीवर व पंखाच्या पोटाशीं ओळींत लावतो, मित्राला शेजारच्या गाडींतून छायाचित्रें घ्यावयास सांगतो, आणि संध्याकाळीं घरीं बसून पाहतो: कोणता धागा सरळ आहे, कोणता थरथरतो आहे, आणि कोणता उलटा पुढच्या बाजूस वळला आहे. मग पान्यानें पंखाचा कोन एका भोंकानें कमी करतो आणि पुढच्या रविवारीं पुन्हां जातो.