चौतीस तारांचा पीळ

चार वर्षांपूर्वी आमच्या गणिताच्या सरांच्या मुलीचा फोन आला. "दादा, बाबांचं कपाट आवरतेय. अकरा फ्लॉपी निघाल्यात. टाकून देऊ का?" मी त्याच संध्याकाळी जाऊन त्या घेऊन आलो.

शालेय मुलांना संगणकाची ओळख व्हावी म्हणून केंद्र सरकारने १९८४-८५मध्ये 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी निवडलेले यंत्र ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे, 'बीबीसी मायक्रो'. आमच्या शाळेत ते आले तेव्हा मी नववीत होतो. त्यावर देवनागरी नव्हती. सर ती स्वतः घडवत बसायचे, एवढे मला आठवत होते. ती अक्षरे या फ्लॉपींत असावीत, अशी माझी अटकळ.

संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. नोकरी सांभाळून, जुनी यंत्रे उघडत जे समजले तेवढेच. जुन्या बाजारात मिळालेला एक बीबीसी मायक्रो माझ्याकडे होता, ड्राइव्ह मात्र नव्हता. लॅमिंग्टन रोडवरून पीसीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह आणून जोडला. दिवासुद्धा लागला नाही. कारण शोधताना इतिहासात शिरावे लागले.

१९७६मध्ये शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकी कंपनीने 'एसए-४००' हा पहिला सव्वापाच इंची ड्राइव्ह आणला. त्याची ३४ तारांची जोडणी पुढे बहुतेकांनी उचलली. एकाच पट्टीवर अनेक ड्राइव्ह बसत. दहाव्या तारेवर इशारा आला की पहिल्याने 'ओ' द्यायची, बाराव्या तारेवर आला की दुसऱ्याने. कोण कितवा, हे ड्राइव्हवरचा एक इवलासा जंपर ठरवी.

१९८१मध्ये आयबीएमचा पीसी आला. दर वेळी जंपर हलवण्याची कटकट नको म्हणून त्यांनी सगळेच ड्राइव्ह 'दुसरे' ठेवले आणि केबलमधल्या १० ते १६ क्रमांकांच्या तारांना मध्येच पीळ दिला. पिळाच्या पलीकडचा ड्राइव्ह आपोआप पहिला झाला. ही सोय इतकी रुळली की नंतरच्या अनेक ड्राइव्हवरून जंपरच नाहीसे झाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते इथे शब्दशः खरे आहे. भंगारातला पीसीचा ड्राइव्ह आजही स्वतःला दुसराच समजतो. बीबीसीच्या केबलला पीळ नाही. तो पहिल्याला हाक मारतो आणि कुणीच 'ओ' देत नाही.

उपाय सोपा आहे. जंपर असेल तर तो पहिल्या घरात सरकवायचा. नसेल तर बोर्डावर डाग द्यायचा किंवा केबलमधली दहावी तार बाराव्या जागी न्यायची. मी जंपर सरकवला. दिवा लागला, मोटर फिरली, पण वाचन होईना. हा ड्राइव्ह १९८४च्या पीसी-एटीबरोबर आलेल्या १.२ मेगाबाइट जातीचा होता. तो मिनिटाला ३६० फेरे घेतो, बीबीसीला ३०० हवे असतात. त्याच्या डोक्याखाली ८० मार्ग, सरांच्या फ्लॉपीवर ४०. आणखी एक जंपर बदलून वेग उतरवता आला. एका पावलाची दोन पावले करणारे छोटे सर्किट जोडले तर असा ड्राइव्ह ४० मार्गांची फ्लॉपी वाचूही शकतो. तिच्यावर लिहायचे मात्र कटाक्षाने टाळावे. अरुंद डोके रुंद मार्गाच्या मधोमध बारीक रेघ ओढते, कडांना जुने तसेच राहते, आणि मूळच्या ड्राइव्हला पुढे दोन्ही मिळून गोंधळ ऐकू येतो.

एकमेव प्रतीवर असे प्रयोग करायला मन धजेना. म्हणून पीसीचाच, पण ३६० केबीचा जुना ड्राइव्ह शोधू लागलो. त्याचा वेगही ३००, मार्गही ४०. तो मिळायला सात महिने लागले. जंपर हलवायला एक मिनिट.

तोवर फ्लॉपींवर आणखी एक पावसाळा गेला होता. काहींवर बुरशी होती. ती पुसून, चुकून काही लिहिले जाऊ नये म्हणून खाचेवर पट्टी लावून, एकेक आत घातली. अकरापैकी चार वाचल्या. उरलेल्यांचा चुंबकीय थर डोक्याला चिकटून निघू लागला, तेव्हा थांबलो.

चौथीत अक्षरे होती. बीबीसीवर 'व्हीडीयू २३' या आज्ञेने नवे अक्षर घडवता येते: आठ आकडे, म्हणजे आठ ठिपक्यांच्या आठ ओळी. सहज मिळणारी घरे फक्त ३२. सरांनी 'आ'ला घर दिलेच नव्हते. 'अ'पुढे काना लावला की झाले. मात्रा वरच्या ओळीत छापायच्या. 'ङ' आणि 'ञ' गाळले होते, 'ळ' ठेवला होता. आणि जवळजवळ प्रत्येक अक्षराचा पहिला आकडा एकच, २५५. आठही ठिपके पेटलेले. शेजारी शेजारी छापले की त्यांची सलग शिरोरेषा होते.

चारही फ्लॉपींच्या प्रती आता मी तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. सरांच्या मुलीला पडद्यावर अक्षरे दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "हा 'ळ' बाबांचाच. ते असाच काढायचे." उरलेल्या सात फ्लॉपींत काय होते, ते आता कळणार नाही. दहा वर्षांपूर्वी कपाट उघडले असते, तर कदाचित कळले असते.